हिंगणीच्या म्हातारीचा फोटो

वर्ध्याच्या वाचनालयात जिल्ह्याचे जुने कागद आणि फोटो जपायचं काम मी करते. शिक्षण चौथीपर्यंतचं, पण फोटोमागे शिसपेन्सिलीने नंबर टाकायला तेवढं पुरतं.

एकदा हिंगणीची एक म्हातारी आपला तरुणपणीचा फोटो देऊन गेली. बोर धरणाच्या कामावरचा, डोक्यावर घमेलं आणि तोंडभर हसू. आठवड्याभराने तिचा नवरा आला.

"बाई, तो फोटो वापस द्या. तिनं मले न इचारता देला."

"फोटो तुमचा आहे का?"

"बायको त माही होय ना."

"मंग तिलेच घेऊन या," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दोघं एसटीने आली. मी फोटो टेबलावर ठेवला. म्हातारा तो पाहतच राहिला.

म्हातारी मला म्हणाली, "घरी असाच पाहत बसते बाई हा माणूस. समोर ताट वाढलं तरी माह्याकडे पाहत नाई. म्हणून देऊन टाकला."

"तुले काय पाहाचं? तू त रोजचीच हायस," म्हातारा म्हणाला.

"मंग राहू द्या इथंच. पाहाची हौस असन त मले संग घेऊन येत जा."

मी फोटो परत दिला नाही. आता बाजाराच्या दिवशी दोघं येतात. तो फोटो पाहतो. ती पंख्याखाली बसून मधूनमधून विचारते, "झालं काय?" त्याचं कधीच होत नाही. शेवटी मीच फोटो उचलून आत ठेवते, तेव्हा कुठे तो उठतो आणि तिला आलुबोंडा खायला घेऊन जातो.