गाडी तेल पितीया

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान, सोलापूर ते मंगळवेढा सर्व्हिस मोटार चालवायचे. मी गॅरेजात मिस्त्री होतो. दुसरी लढाई सुरू व्हायच्या चार-पाच वर्षं आधी, ऐन उन्हाळ्यात, दाजी एका सकाळी आले आणि दारातूनच म्हणाले, "मिस्त्री, गाडी लई तेल पितीया."

ते हसत बोलले, पण मला हसू आलं नाही. त्या वाटेवर भीमा आडवी येते. तेव्हा तिथं पूल नव्हता. उन्हाळ्यात वाळूवर फळ्या आणि पाचट टाकून मोटारी पात्रातूनच काढायच्या. आदल्या वर्षी एका ड्रायव्हरची मोटार मध्यावर जाम झाली. उतारू चालत काठाला गेले, तो गाडीपाशी थांबला, आणि वर कुठं तरी कोसळलेल्या वळवाचं पाणी आलं. गाडी लगेच सापडली, तो चौथ्या दिवशी. त्याची बायको आक्काच्या शेजारच्या खोलीत राहायची. त्या चार दिवसांत आक्का तिच्यापाशी बसून होती. इंजिनातलं तेल संपलं की बेअरिंग जळतं आणि इंजिन जागच्या जागी थांबतं. कुठं थांबावं, हे ते कुणाला विचारत नाही.

मी आधी गळती शोधली. धुतलेलं गोणपाट इंजिनाखाली अंथरून गाडी दिवसभर उभी केली. गोणपाट कोरडं ठणठणीत. मग इंजिन चालू करून जरा तसंच ठेवलं आणि एकदम ॲक्सिलरेटर दाबला, तर मागून निळा धूर. म्हणजे तेल बाहेर जात नव्हतं, आत जळत होतं. हँडल मारून पाहिलं, तर ते दोन बोटांनी फिरलं. प्लग काढून चारही सिलिंडरांत चमचा चमचा तेल सोडलं, तेव्हा फटी बुजून तेच हँडल जड झालं. दुखणं पिस्टनच्या रिंगांचं होतं, यात शंका उरली नाही.

पण त्या रिंगा दिवाळीच्या आधी मी स्वतः घातल्या होत्या! सहा-सात महिन्यांत रिंगा झिजत नाहीत. माझा स्वभाव मुळातच तिरसट, आणि माझ्या कामाला कुणी नावं ठेवली की तो आणखी बिघडायचा. इथं तर माझंच काम मला नावं ठेवत होतं.

हेड उतरवून पिस्टन बाहेर काढले. रिंगा नव्यासारख्या होत्या, फक्त आपल्या खाचांत गच्च चिकटल्या होत्या. त्यांच्यावर तांबूस, चिवट खपली धरली होती. तेलाची जाळी तिनंच बुजली होती. पेट्रोलच्या मोटारीत मी असली घाण कधी पाहिली नव्हती. थोडी खरवडून दिव्यावर धरली, आणि त्या वासानं मी थेट गावाकडं, कुंभारीला आमच्या विहिरीवर जाऊन पोचलो. मोटेचं चामडं टिकावं म्हणून वडील करडईचं तेल उकळून घट्ट करायचे आणि चोळायचे. वाळलं की ते असंच धरायचं, नखानंसुद्धा निघायचं नाही.

इंजिनात करडईचं तेल! ते आपोआप तर येत नाही. कुणी तरी मुद्दाम ओततंय, दाजींच्या वाईटावर कुणी तरी टपलंय, असंच मला वाटलं. त्या वाटेवर दुसऱ्याही मालकांच्या मोटारी होत्या. दाजींना मी काही सांगितलं नाही. तीन दिवस रिंगा रॉकेलात भिजवल्या, मोडक्या रिंगेच्या तुकड्यानं खाचा कोरल्या, पिस्टनची बारीक भोकं तारेनं मोकळी केली. ज्या रिंगा निघाल्या नाहीत त्या तोडून नव्या बसवल्या. जुनं तेल सगळं ओतून टाकलं. शुक्रवारी संध्याकाळी गाडी दाजींच्या दारात लावली तेव्हा धुराचा मागमूस नव्हता. आता ओतणारा पुन्हा येणार, हे मी धरून चाललो होतो.

शनिवारी उजाडता उजाडता मी तिथं गेलो. मारुतीच्या देवळाकडून आक्का वाटीवर पदर धरून आली. गाडीला हळदकुंकू लावलं, इंजिनाच्या तेलाचं झाकण उघडलं आणि वाटी तिरपी करणार, तोच मी ओरडलो.

"हळू बोल," ती म्हणाली. "त्ये उठतील. मारुतीला वाहून उरल्यालं तेल हाय."

"ते इंजिनात?"

"मग कुटं? त्येच म्हनत्यात की, गाडी तेल पितीया. पितीया तर देवाचं पिऊ दे की."

"कधीपासून?"

"दिवाळीपासनं. आदी पळीभर घालायची. लई पितीया म्हनल्यावर वाटीभर केलं."

माझं टाळकं सरकलं. मी तिला म्हणालो, "तूच बुडवणार होतीस त्यांना. नदीत." बोलून गेलो आणि जीभ चावली. ती मोटारीच्या पायरीवर मटकन बसली. वाटीतलं तेल तिच्या लुगड्यावर सांडलं, तरी तिनं पाहिलं नाही. तिच्या घरात तेल म्हणजे करडईचंच, वेगळं तिला काय ठाऊक असणार? मला माझीच लाज वाटली.

मग ती म्हणाली, "बरं. आता न्हाय घालत. पर त्येंच्या जिवाला मारुती जामीन हुता. आजपासनं तू जामीन."

मी हसण्यावारी नेलं. पण संध्याकाळी गाडीच्या वेळेला माझे पाय आपोआप नाक्याकडे वळले, ते पुढं रोजच वळत राहिले. एकदा पश्चिमेला आभाळ काळंठिक्कर झालं आणि गाडी यायची वेळ टळून गेली. नाक्यासमोरच घर, आक्का दारात उभी होती. ती रस्त्याकडे पाहत नव्हती, माझ्याकडे पाहत होती. इंजिनाचा एकेक नट मी आठवून पाहिला. शेवटी गाडी आली, चाक वाळूत रुतलं होतं एवढंच. आक्का भाकरी टाकायला आत गेली.

पुढच्या शनिवारपासून मी, देव न मानणारा मिस्त्री, दुसऱ्या पेठेतल्या मारुतीला तेल घालायला लागलो. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून तिकडं जायचो.

दाजी पुष्कळ वर्षांनी गेले, म्हातारे होऊन, आपल्या घरात, अंथरुणात. दिवस झाल्यावर मी निघालो, तर आक्कानं मला थांबवलं.

"सुटलास रं बाबा जामिनातनं," ती म्हणाली. "आता शनवारी न्हाय गेलास मारुतीला, तरी चालंल."