दर शनिवारी शिजणारी पृथ्वी

समस्त वाचकांनी सावरून बसावे. एक अत्यंत गंभीर घोषणा करायची आहे. महाडच्या पुढे, कापडे गावाच्या वरच्या अंगाला, आमच्या वाडीवरच्या शाळेत, पृथ्वी दर शनिवारी चिरून, फोडणीला घालून खाल्ली जात असे. मी साक्षीदार आहे. मी दोनदा वाढून घेतली आहे.

हा उद्योग आमच्या बाईंचा. शाळेत शिक्षक दोनच, त्या आणि मी. पृथ्वीगोल नव्हता, म्हणून बाई तांबड्या भोपळ्यावर (गुणपत्रिकेतला नव्हे, वेलावरचा) चुन्याने खंड काढायच्या, आरपार काठी घालायच्या आणि पृथ्वी फिरवायच्या. पण भोक पाडलेला भोपळा टिकतो किती? शनिवारी तो खिचडी शिजवणाऱ्या काकींकडे जायचा. सोमवारी नवा भोपळा, नवी पृथ्वी.

"कंटाळा नाही येत?" मी एकदा विचारलं.

"येतो की. पण चौथीची पोरं आता न बघता आफ्रिका काढतात."

त्या वर्षी बदलीच्या यादीत बाईंचं नाव लागलं. जाण्याआधी पोरांना न सडणारी पृथ्वी देऊन जायचं, एवढंच त्यांनी मनात घेतलं. इंटरनेटवर लोकवर्गणी मागता येते, हे त्यांना कुठूनसं कळलं होतं. त्यांनी यादी टाकली: पृथ्वीगोल, लोहचुंबक, भिंगं. सोबत वर्गाचा फोटो हवा होता.

फोटो मुंबईपर्यंत जाणार ही बातमी वाडीत पोचली आणि घात झाला. सकाळी पोरं आली ती थेट लग्नाच्या कपड्यांत. डोक्यांवरून तेल ओघळतंय, एकीच्या नाकात आजीची नथ, एकाच्या डोळ्यांवर परळला राहणाऱ्या काकाचा गॉगल. आयांनी काहीही बाकी ठेवलं नव्हतं. फोटो असा आला, की खाली 'वऱ्हाडी मंडळी' एवढंच लिहायचं राहिलं होतं.

तीन आठवडे कुणी फिरकलं नाही. एका गृहस्थाने तेवढा शेरा मारला, "ह्यांनीच आम्हाला मदत करावी."

मग मी माझी अक्कल चालवली. "बाई, उद्या पोरांना जुने कपडे घालून बोलवा. दोघंचौघं अनवाणी, केस विस्कटलेले. मी काढतो फोटो. बघा कशी रांग लागते!"

बाईंनी हातातला खडू खाली ठेवला. "गुरुजी, पोरं आरशात बघून आली होती. आता त्यांना काय सांगू? चांगले दिसलात, हेच चुकलं?"

मी माझी अक्कल मागे घेतली. मला ओळखणारे सांगतील, हे फार क्वचित घडतं. अजूनही कुठे गरिबीचा फोटो दिसला, की मला तो खाली ठेवलेला खडू आठवतो.

त्या शनिवारी बाई स्वयंपाकाच्या खोलीत गेल्या आणि काकींच्या विळीवरच्या भोपळ्याचा फोटो काढला. आशिया अर्धा चिरलेला, ऑस्ट्रेलिया परातीत. खाली लिहिलं, 'आमची पृथ्वी दर शनिवारी संपते. कृपया टिकाऊ पाठवा.'

आठवड्याभरात यादी पुरी झाली. खोकं महाडपर्यंतच आलं. पुढे कापड्यापर्यंत एसटीत मी ते मांडीवर घेऊन बसलो आणि वरची चढण बाईंच्या धाकाने जपून चढलो.

खोकं उघडलं ते बाईंच्या निरोपाच्या दिवशी. पोरं पुन्हा लग्नाच्या कपड्यांत, या वेळी फोटो नसताना. टेबलावर निळीशार, गुळगुळीत पृथ्वी. सरपंच बोलले, मी बोललो, बाई आपली पाळी आली तशी पोरांच्या कॉलरी सारख्या करायला लागल्या.

दाराशी उभ्या असलेल्या काकी पुढे आल्या. त्यांनी पृथ्वीवर बोटाने टकटक केलं, एकदा फिरवली, पदराने डोळे पुसले आणि भर सभेत म्हणाल्या,

"ही काय शिजायची नाय गो बाय! ही ठेव हितंच, नि तू तुजा भोपला घेऊन सोमवारी परत ये!"