खंडेनवमीला सोडवलेले बोल्ट

मुलुंडच्या आमच्या कारखान्यात युनियनच्या कमिटीवर मी होतो आणि शेजारच्या लेथवरचा माझा जोडीदारही होता. तो मालवणकडचा, जिभेला तिखट. मालकाशी बोलायचं ते गेटवर बसूनच, असं त्याचं मत. माझं नेमकं उलट. आजूबाजूच्या कंपन्यांच्या जागी एकेक करून टॉवर उभे राहिले होते. आपण ताणून धरलं तर आपलीही वाट लागेल, ही भीती माझ्या पोटात कायम असायची. मी तिला समजूतदारपणा म्हणायचो.

त्या वर्षी खंडेनवमीच्या आधी मॅनेजरनं मला केबिनमध्ये बोलावलं. "दसऱ्यानंतर मोठी पार्टी ऑर्डरसाठी कारखाना बघायला येतेय. पूजेच्या साफसफाईत या वेळी मशिनींच्या पायाचे बोल्टही सोडवा, खालपर्यंत रंग मारून घेऊ. तुम्ही सांगितलंत की माणसं ऐकतात."

दरवर्षी आम्ही मशिनी पुसून, हळदकुंकू लावून, हार घालून पूजा करायचो. बोल्टांना कधी कुणी हात लावला नव्हता. ते काढले की एवढं मोठं मशीन म्हणजे नुसतं उचलायचं सामान. हे मला कळत नव्हतं असं नाही. पण नाही म्हटलं आणि ऑर्डर गेली, तर खापर माझ्याच डोक्यावर. मी हो म्हणालो.

जोडीदार भडकला. "येडो झालंस काय रे? बोल्ट काढलंस तर उद्या मशिनी उचलून नेतील ना हे!"

"पूजेच्या कामात तरी खोडा घालू नकोस, यार."

हे मी मुद्दाम म्हणालो, आणि त्याची मला आजही लाज वाटते. पूजेचं नाव निघाल्यावर बाकीच्यांनी पाने उचलले. त्यानं मात्र स्वतःच्या लेथला पाना लावला नाही. त्याचे बोल्ट मी सोडवले.

दसरा आणि रविवार जोडून आले. सोमवारी आम्ही सगळे आलो तर गेटला कुलूप. दोन दिवस ट्रेलर ये-जा करत होते, वॉचमन म्हणाला. फटीतून शेड दिसत होती, पार रिकामी.

गेटवर बसून अडवायला आत काही उरलं नव्हतं. आणि जुळवून तरी आता कशासाठी घ्यायचं? तेवढ्यात माझ्या मोबाइलवर मॅनेजरचा फोन आला. राजीनाम्याचे फॉर्म वॉचमनकडे ठेवलेत, आठवड्यात सह्या झाल्या तर हिशेब मिळेल, नाहीतर कोर्टात जा. "तुम्हीच समजवा त्यांना."

सही करा म्हणावं तर मी मालकाचा माणूस. करू नका म्हणावं तर सगळ्यांना वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवायला लावणारा. फोनवरचं मी सांगितलं तसे सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. तिथून पळून जावंसं वाटलं, पण जाणार कुठे?

शेवटी म्हणालो, "सही करूया."

आता जोडीदार शिव्या घालेल, निदान कॉलर धरेल, म्हणून मी थांबलो. खरं तर त्यानं धरावीच असं मला वाटत होतं. त्यानं खिशातून पेन काढलं.

"खंय करूची सही?"

तेवीस वर्षांत पहिल्यांदाच त्यानं माझं मुकाट्यानं ऐकलं.