टाच आपटणारे तिडके साहेब

तिडके साहेबांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, हा माणूस आमच्या अंगणात नाचतोय. पांढरा सफारी, कानात अत्तराचा फाया, पायात टाचेला नाल मारलेल्या चपला. शहाबादी फरशीवर ते उजवी टाच आपटायचे, मान तिरकी करून ऐकायचे, एक पाऊल सरकायचे, पुन्हा आपटायचे. मी कॉलेजला निघाले होते, ती दारातच थांबले आणि आत ओरडून सांगितलं, "अप्पा, अंगणात कुणीतरी आलंय, आणि त्यांचं काहीतरी बिघडलंय." वडील बाहेर आले, पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "आले का टाकीवाले!"

अंबादास तिडके हे आमच्या धारूरच्या नगरपालिकेत स्वच्छता निरीक्षक होते. घराघरांतली संडासची टाकी तपासणं हे त्यांचं काम. सरकारचा नियम साधा होता: टाकी दर दोन-तीन वर्षांनी उपसून घ्या, झाकण दिसेल असं ठेवा, हवेच्या पाइपाला वर जाळी बसवा, टाकीचं पाणी उघड्या नालीत सोडू नका, आणि काही झालं तरी टाकीत माणूस उतरवू नका. नियम साधा, पण गाव आमचं. आमच्याकडे टाकी ही तपासायची नसून एकदा गाडली की विसरायची गोष्ट. त्यामुळे लोकांनी झाकणांवर फरश्या बसवल्या होत्या, ओटे बांधले होते, एकाने तर वर शेळ्यांचा गोठा केला होता. घरमालकालाच विचारलं तर तो डोकं खाजवायचा. म्हणून साहेबांनी ही टाचेची विद्या कमावली होती. खाली पोकळ असलं की आवाज बदलतो म्हणे. गावात पोरं त्यांच्यामागे टाचा आपटत चालायची. साहेब वळून शांतपणे म्हणायचे, "तसं न्हाई रे, गुडघा सैल सोड."

चहाची त्यांना जबर आवड. पण कुणाच्या घरी टाकी पाहिल्याशिवाय ते पाण्याचा घोटही घेत नसत. "आदी झाकण, मंग चहा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माणसं त्यांना नावाने कमी आणि टाकीने जास्त लक्षात असत. बाजारात कुणी नमस्कार केला की क्षणभर गोंधळायचे आणि मग चेहरा उजळायचा, "हां हां, तुमी म्हंजे मारुतीमागची, आडवी टाकी!" समोरचा माणूस बायकोसोबत असला तर अजूनच पंचाईत. लग्नाची पत्रिका हातात पडली की मुलगा काय करतो हे विचारायच्या आधी ते विचारायचे, "मुक्कामाला किती मानसं हाईत?" आणि मनाशी काहीतरी हिशेब करून काळजीत पडायचे.

लोकही कमी नव्हते. आमच्या गल्लीच्या टोकाला एका घराने साहेब येताना दिसले की झाकणावर खाट टाकायची आणि खाटेवर धडधाकट सासरा झोपवायचा, अशी युक्ती काढली. "साहेब, मामंजी लई आजारी हाईत, हलवता येत न्हाई." साहेब हळहळले. खाटेशेजारी बसले. म्हाताऱ्याचे पाय चेपू लागले. जुन्या आठवणी काढल्या, पाऊसपाणी झालं, भावकीतले वाद झाले. तासाभराने म्हातारा चुळबूळ करू लागला. आणखी थोड्या वेळाने तो एकदम उठला आणि कुणाकडे न बघता तांब्या घेऊन तरातरा मागच्या अंगाला गेला. साहेबांनी खाट अलगद बाजूला सरकवली आणि सुनेला म्हणाले, "बरं वाटतंय त्येंला. आता झाकण उघडू."

आमच्या अप्पांचं आणि त्यांचं मात्र जमायचं नाही. अप्पांचं खताबियाण्यांचं दुकान, गावात वजन. घर बांधलं तेव्हा त्यांनी टाकी इतकी मोठी खोदली होती की शेजारपाजारचे बघायला आले होते. आमच्या भागात हा एक मानाचा मुद्दा असतो. कुणाचा बंगला मोठा, कुणाची विहीर खोल, तशी कुणाची टाकी किती. "नातवाच्या लग्नापर्यंत बघायला नको," असं अप्पा पाहुण्यांना सांगायचे, तेही जेवताना. ती इतकी मोठी असल्यामुळे तिला झाकणाची गरजच नाही असं त्यांनी ठरवलं आणि वरून अंगणाची फरशी घालून टाकली. साहेब दरवर्षी यायचे, "अप्पा, झाकण?" अप्पा म्हणायचे, "सापडलं की निरोप धाडतो." साहेब चहा न घेता जायचे. आई हळहळायची, कारण तिच्या हातच्या चहाला नाही म्हणणारा गावात तेवढा एकच माणूस होता.

नातवाच्या लग्नापर्यंत जायची वेळ आलीच नाही. टाकी माझ्याच लग्नात भरली.

हळदीच्या आदल्या दिवशी सकाळी न्हाणीघरातून पाणी उलटं वर यायला लागलं. मांडव घातलेला, आचारी आलेले, दुसऱ्या दिवशी सकाळीच बीडहून वऱ्हाड मुक्कामाला येणार. माझे होणारे सासरे निवृत्त मुख्याध्यापक, शिस्तीचे म्हणून ख्याती. दुपारपर्यंत मांडवात असा वास सुटला की आचाऱ्याने नाकाला उपरणं बांधलं. आई देवापुढे जाऊन बसली. शेवटी अप्पांनीच तिडके साहेबांना बोलावणं पाठवलं, कारण झाकण कुठं आहे हे आता खरोखर कुणालाच ठाऊक नव्हतं. टाकी बांधणारा मिस्त्री पुण्याला जाऊन जमाना झाला होता.

साहेब आले. टोमणा नाही, काही नाही. मांडवाखाली टाच आपटत फिरले आणि हळदीचा चौरंग मांडला होता बरोबर तिथं थांबले. "हिथं." चौरंग हलला, फरशी फुटली, झाकण उघडलं. मैला उपसणारी गाडी आली, पाइप आत गेला, वरचं पाणी तेवढं ओढलं गेलं आणि मोटर नुसतीच घरघरायला लागली. ड्रायव्हर आत डोकावून म्हणाला, "खाली गाळाचा पार दगड झालाय, अप्पा. मानूस उतरवून फावड्यानं हलवावं लागंल."

अप्पांनी सुदामला हाक मारली. सुदाम हा गावात अशी कामं करणारा माणूस. नाली तुंबली, विहिरीत काही पडलं, की त्याला बोलवायचं. तो सदरा काढतच आला. कमरेला दोर बांधला, शिडी मागवली. मी खिडकीतून बघत होते आणि खरं सांगते, मला हायसं वाटलं. एवढ्यावर सुटलो, असं वाटलं.

तिडके साहेबांनी दोघा मांडववाल्यांना हाताशी धरलं, झाकण ओढून पुन्हा टाकीवर बसवलं, मांडवातली एक लाल प्लास्टिकची खुर्ची आणली, झाकणावर ठेवली आणि तिच्यावर बसले.

"साहेब, ह्ये काय?" अप्पा म्हणाले.

"मानूस उतरणार न्हाई."

"उद्या वऱ्हाड येतंय माझ्या दारात!"

"येऊ द्या की. वऱ्हाडाला कुटं न्हाई म्हनलं मी?"

सुदामच चिडला. "कावून अडवता साहेब? अशा लई टाक्यात उतरलो मी. पाच मिंटाचं काम हाय."

"सुदाम, आत वायू असतो. दिसत न्हाई, वास बी सांगत न्हाई. टाकी मानसाला हाक मारू देत न्हाई, बाबा. तुला काढायला दुसरा उतरतो, त्येला काढायला तिसरा. बस खाली. च्या पी."

अप्पांचा आवाज चढला. त्यांनी बीडच्या एका ओळखीच्या पुढाऱ्याला फोन लावला आणि साहेबांच्या कानाला दिला. पलीकडून बराच वेळ काहीबाही ऐकू येत होतं. निवृत्तीला थोडकंच राहिलं असताना बदली कुठं होऊ शकते, असा तो विषय असावा. साहेब हूं हूं करत राहिले आणि मग आदराने म्हणाले, "व्हय साहेब. बरुबर साहेब. मी काय म्हन्तो साहेब, तुमच्या बंगल्याचं झाकण कुटं हाय?" फोन बंद झाला.

अप्पा लालबुंद झाले. "माझ्या पोरीच्या लग्नात माझी अब्रू घालवता व्हय तुमी?" हे म्हणताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते मी त्यांच्या डोळ्यांत पहिल्यांदा पाहिलं. साहेबांनीही पाहिलं. ते खुर्चीतून उठले मात्र नाहीत. नुसते म्हणाले, "अब्रूचं माझ्याकडं लागलं. टाकीत पानी सोडा, वरून बांबूनं ढवळा. रातभर भिजंल, मंग गाडी थोडं थोडं वढील. दोन-तीन दिस लागतील. तवर पावन्यांचं मी बघतो."

आणि मग त्यांनी जे केलं ते आमच्या सासरी आजही जेवणाच्या पंगतीत सांगितलं जातं. आपल्या जागी त्यांनी आपला शिपाई बसवला आणि गल्लीतल्या एकेका घरी जाऊन आले. कुठली टाकी नवी, कुठली रिकामी, कुठली नाजूक, हे सगळं त्यांच्या डोक्यात होतंच. दुसऱ्या दिवशी वऱ्हाड उतरलं तेव्हा मांडवाच्या दारात हात जोडून तेच उभे. मानपान, वय, नातं यांपैकी कशाचाही विचार न करता त्यांनी अख्खं वऱ्हाड टाक्यांच्या ताकदीनुसार वाटून टाकलं. "बायामानसं समद्या कुलकर्णी बाईंकडं, टाकी मजबूत हाय. नवरदेवाचे दोस्त शाळेकडं. आत्याबाई, तुमी हिकडं न्हाई, तिकडं. ह्यांच्यावर आधीच लोड हाय."

माझ्या सासऱ्यांना त्यांनी रफीकभाईंकडे पाठवलं. रफीकभाई मोटारसायकली दुरुस्त करायचे. त्यांचं घर दोन खोल्यांचं, पण टाकी आठवड्यापूर्वीच उपसलेली. "व्हीआयपी टाकी हाय गुरुजी," साहेब सासऱ्यांच्या कानात म्हणाले, "कुनाला सांगू नका." मुख्याध्यापकांचा चेहरा पाहून आई तिथंच खाली बसली. लग्न मोडलं, असंच तिला वाटलं. सासरे गेले ते दीड-दोन तास आले नाहीत. माणूस पाठवला, तर ते रफीकभाईंच्या आईने केलेल्या नानखटाया खात आपल्या जुन्या स्कूटरचं काय करावं याची चर्चा करत होते. ती स्कूटर पुढे रफीकभाईंनीच चालू करून दिली. लग्न वेळेवर लागलं. सुदाम बायको आणि दोन मुलींना घेऊन जेवायला आला आणि जिलेबी वाढणाऱ्याला त्याने तीनदा हाक मारली.

पण कुणी तिडके साहेबांचे आभार मानले नाहीत. मानणार तरी कशाचे? काही घडलंच नव्हतं. टाकी सावकाश रिकामी झाली, अप्पांनी फरशीत झाकण करून घेतलं आणि वर्षभर साहेबांशी बोलणं टाकलं. "लग्नात खुर्ची टाकून बसला गडी," एवढंच ते सांगायचे. सुदामही चार ठिकाणी सांगायचा की हातचं काम गेलं, साहेब उगाच घाबरट.

निवृत्त झाल्यावर साहेब कामासाठी बीडला आले होते, तेव्हा माझ्या घरी आले. सोसायटीचा तिसरा मजला, तरी त्यांचे डोळे खाली पार्किंगकडे जात होते. मी त्यांना मनात बरेच दिवस असलेला प्रश्न विचारला. वाटायचं, त्यांच्या घरातलं कुणीतरी, भाऊ, मेव्हणा, असं टाकीत गेलं असणार. त्याशिवाय माणूस नोकरी पणाला लावून असा अडून बसतो का?

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांना प्रश्नच कळला नसावा असं वाटलं.

"न्हाई बाई," ते म्हणाले. "माझं कुनी न्हाई मेलं. आपलं कुनी मरायलाच पायजे का, मंग कळावं?"

 

गेल्या हिवाळ्यात ते दिंद्रुडला, त्यांच्या मूळ गावी वारले. झोपेतच गेले. अप्पा म्हणाले, आपण जाऊ.  दहाव्याला पोचलो तेव्हा नदीवर माणसं फार नव्हती. नगरपालिकेतले दोघे-चौघे, भावकी, आणि एका बाजूला, आमच्याआधी धारूरहून एसटीने येऊन उभा असलेला सुदाम. केस पिकलेले, कडेवर थोरल्या मुलीचा मुलगा. तो पोरगा त्याच्या टोपीशी खेळत होता.

अप्पांना पाहून तो जवळ आला. डोळे लाल होते. "साहेबांनी त्या दिशी उगी अडवलं बघा अप्पा," तो म्हणाला. "काय बी झालं नसतं मला."

साहेबांनी उगीच अडवलं, असाच सूर अप्पांनीही वर्षभर गावात लावला होता. आता त्यांनी नुसती मान हलवली. त्यांनी हात पुढे केले आणि सुदामचा नातू आपल्याकडे घेतला.

सुदाम आजही असंच म्हणतो, मी धारूरला गेले की मला गाठून म्हणतो. कदाचित त्याचं खरंही असेल. त्याने पार म्हातारा होईपर्यंत हे असंच म्हणत राहावं, असं मला मनापासून वाटतं.