भिंग पुसल्यानंतरचा आकडा

नलूचा मुलगा फोनवर एवढंच म्हणाला, "मामा, आई गेली." मी कळमन्याच्या बाजारात होतो. संत्र्यांची बोली अर्धवट टाकून तसाच निघालो. महिना उलटून गेला, पण मन अजून आदल्या दुपारीच अडकलं आहे...

माझी ही धाकटी बहीण नागपुरात बसून कोकणातला समुद्र राखायची. "समुद्रच पाहायचा तर अंबाझरी तलावावर चल, भेळ तरी मिळेल," म्हणून मी तिला छळायचो. ती मात्र चिडायची नाही, समजावून सांगायची. सिंधुदुर्गातल्या एका खाडीत तिच्या संस्थेनं यंत्र नांगरून ठेवलं होतं. ते दर काही मिनिटांनी पाण्यातला प्राणवायू, खारटपणा आणि वनस्पतिप्लवक, म्हणजे डोळ्यांना न दिसणारं समुद्रातलं गवत, मोजून तिच्याकडे पाठवायचं. हे गवत माजलं की रात्री पाण्यातला प्राणवायू ओढून घेतं. मोकळा मासा पळतो, पिंजऱ्यातला गुदमरतो. तिथं सुलभाताईंच्या बचत गटाचे जिताड्यांचे पिंजरे होते. यंत्राच्या भिंगावरच शेवाळ धरलं तर या गवताचा आकडा उगाच चढतो. एकदा अशा खोट्या आकड्यावर नलूनं मासे काढायला लावले आणि अर्धे वाढलेले जिताडे मातीमोल भावानं विकावे लागले. ते तिला फार लागलं. तेव्हापासून सुलभाताई होडीतून जाऊन भिंग पुसायच्या, फोन करायच्या, आणि त्यानंतरचाच आकडा नलू खरा मानायची.

त्या दुपारी दवाखान्यात तिच्या नाकाला नळी होती. फुप्फुसं थकली होती.

"दादा, मले फोन दे."

"काहून? डॉक्टरनं बोलू नको म्हणून सांगतलं ना."

"सकाळपासून आकडा चढून राहिला. तिथलं पाणी बिघडून राहिलं."

तिनं भिंग पुसायला सांगितलं. तिकडे वारा सुटला होता, तरी सुलभाताईंनी होडी पाण्यात घातली. आम्ही वाट पाहत बसलो. मला तिचा राग येत होता, खोटं कशाला बोलू. स्वतःला धड श्वास घेता येईना आणि हिला माशांची पडली होती! अखेर फोन आला, भिंग पुसलं. नलूनं आकडा पाहिला. तो उतरला नव्हता, उलट चढतच होता. पुन्हा चुकली असती तर गटाचं वर्ष बुडालं असतं. गप्प बसली असती तर सगळेच मासे गेले असते. तिनं डोळे मिटले... मग फोन तोंडाशी धरून म्हणाली, "काढा. आजच काढा."

"ताई, तुम्ही म्हणता म्हणून," सुलभाताई म्हणाल्या.

संध्याकाळभर ती विचारत राहिली, निघाले का, दादा? शेवटचा पिंजरा रिकामा झाल्याचं मीच तिला सांगितलं. पण ती बरोबर होती की नाही, हे कळायच्या आतच सकाळी ती गेली.

घाटावरून परतलो तेव्हा तिचा फोन वाजत होता. मी उचलला. सुलभाताई घाईघाईनं सांगू लागल्या की खाडीचं पाणी लाल झालंय, बाहेरचे मासे उलटे तरंगतायत, आमचा माल तेवढा वाचला. "ताईंना द्या ना जरा."

मला सांगावं लागलं. नंतर बराच वेळ फोनमध्ये नुसता वारा ऐकू येत होता.

संस्थेत तिच्या जागी आता दुसरं कुणी आलं आहे. तिचा फोन बंद करू या, असं भाचा म्हणाला, पण मी तो ठेवून घेतला. भिंग पुसलं की सुलभाताई अजून त्यावर कळवतात. मला त्यातलं फारसं कळत नाही. मी थोडं थांबून त्याच फोनवर आकडा बघतो आणि सांगतो, "उतरला." काम तेवढंच असतं. तरी आम्ही दोघंही फोन लगेच ठेवत नाही.