स्पेसबारखालची अक्षत

"याच्यात सनई हाय का?" बापूशेठनी मॉनिटरच्या मागे डोकावून विचारलं.

"आहे ना, शेठ. एकशे अठ्ठावीस आवाज आहेत," विलास म्हणाला. "सनई आहे, सतार आहे, हेलिकॉप्टरसुद्धा आहे."

"हेलिकॉप्टर कशाला?"

"लग्नाला मंत्री आले तर."

विलास म्हणजे नगरमधल्या आमच्या कॉम्प्युटर क्लासचा मालक, माझा बॉस. नव्वदचं दशक संपत आलं होतं. क्लासच्या पाटीवर त्याने 'सॉफ्टवेअर सल्ला' असंही रंगवून घेतलं होतं. सल्ला मी द्यायचो, कारण विलासला बोलण्यातून सवड नसे.

बापूशेठ नेवाशाकडचे बँडवाले. त्यांना कॉम्प्युटरवर गाणी तयार करायची होती, आणि त्यामागचा संगीतविषयक विचार अगदी स्वच्छ होता.

"क्लॅरनेटवाला मास्तर काढायचाय," ते म्हणाले. "लई ताणतो. ऐन सीझनला सुट्टी मागतो, वर उलटं बोलतो. मशीन काय बोलत न्हाई. फक्त शिकायला सोपं आन् सस्तं सांगा."

अशा सॉफ्टवेअरला सिक्वेन्सर म्हणतात. म्हणजे आठवण असलेली पेटी. तुम्ही एकेक सूर भरून ठेवायचा, तो सगळे सूर ओळीने वाजवून दाखवतो. सनईचा आवाज डासासारखा येतो, पण स्पीकर मोठा असला की तक्रार ऐकू येत नाही.

माझ्यासमोर दोन सॉफ्टवेअर होती. एक विलासने पुण्याहून आणलेलं. त्याच्या सोबतचं पुस्तक विटेएवढं जाड, आणि किंमत पाहिली की मास्तरचा पगार फारच वाजवी वाटू लागे. दुसरं एका कॉम्प्युटर मासिकाबरोबर आलेल्या सीडीवर होतं. त्याला शेअरवेअर म्हणत. आधी वापरा, आवडलं तर पैसे पाठवा. आमच्या जिल्ह्यातून कोणी पाठवल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

"पण शेठ, हे शिकणार कोण?" मी विचारलं.

"मास्तरलाच पाठवतो की. सुरातलं आमच्यात त्यालाच कळतं."

ज्याला काढायचं त्यालाच काढण्याचं शिक्षण द्यायचं. बापूशेठना यात काही विसंगत वाटलं नाही. विलासला तर त्यात फीही दिसली.

कचरू मास्तर पुढच्या आठवड्यात एसटीने आले. पन्नाशीचे, मिशा रंगवलेले. खुर्चीत बसून त्यांनी मशीनकडे बराच वेळ पाहिलं.

"सर, ही माझी नोकरी खानार, व्हय ना?"

मी मॉनिटरची काच पुसायला घेतली. मला तेच चांगलं जमतं.

"मग तिचे दात तरी बघू द्या," ते म्हणाले.

तीन मुली, त्यातली एक लग्नाची, हे त्यांनी नंतर चहा पिताना सांगितलं. इतक्या सहज, की मला साखर विचारताना अवघड झालं. बँड सुटला तर या वयात दुसरीकडे कोण घेणार, हे मात्र ते बोलले नाहीत.

पुण्याच्या सॉफ्टवेअरमधली एकशे अठ्ठावीस वाद्यं ऐकून झाल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला. "थांबतं का?"

म्हणजे काय, ते त्यांनीच समजावलं. लग्नाआधी नवरदेवाला मारुतीच्या देवळातून वाजतगाजत मांडवात आणतात, त्याला आमच्याकडे परण्या म्हणतात. परण्यात गाणं कधी सरळ पुढे जात नाही. नवरदेवाचा मामा नाचायला लागला की त्याचं समाधान होईपर्यंत तीच ओळ फिरवायची. मामा दमला की पुढची.

पुण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय होती, पण मेनूच्या आतल्या मेनूत. तिथे पोचेपर्यंत मामाच्या मुलाचं लग्न उरकलं असतं. फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र गाण्याचे तुकडे पाडता येत. स्पेसबार दाबली नाही तर तीच ओळ पुन्हा, दाबली की पुढची. एस्केप दाबलं की सगळं बंद. नवशिक्याला आणखी काय हवं? मी तेच सुचवलं.

"फुकटची वस्तू सुचवणारा सल्लागार जगात तू एकटाच," विलास म्हणाला. मग त्याने बापूशेठनी घेतलेल्या नव्या कॉम्प्युटरच्या स्पेसबारवर लाल टिकली चिकटवली आणि बापूशेठना सांगितलं, "शेठ, फक्त हा दांडा दाबायचा."

हे ऐकून बापूशेठ विचारात पडले. एवढंच असेल तर मास्तर कशाला?

मास्तरनी दहाएक गाणी भरून दिली. लागलीच त्यांच्याकडचं क्लॅरनेट बापूशेठनी काढून घेतलं, कारण वाद्य मालकाचं, आणि दुकानात विकायला टांगलं. पहिल्याच परण्याला विलासला आणि मला आमंत्रण होतं. टेम्पोवर जनरेटर, स्पीकर, कॉम्प्युटर आणि त्यासमोर सफारी घातलेले बापूशेठ. मागे ताशेवाले. मास्तर खाली उभे. त्यांना फक्त 'अडलं तर' म्हणून बोलावलं होतं.

नवं वाद्य पूजेशिवाय वाजवायचं नाही, हा बँडवाल्यांचा नियम. मॉनिटरला झेंडूची माळ घातली. सीपीयूला हळदकुंकू लागलं. विलासने नारळ फोडला. मग जमलेल्या सगळ्यांनी मनोभावे अक्षता टाकल्या. कीबोर्डवर.

गाणं झकास सुरू झालं. मामा नाचू लागला. बापूशेठनी ती ओळ फिरवत ठेवली आणि अभिमानाने इकडेतिकडे पाहिलं. मामाचं समाधान झालं. ओळ तीच. मामाने घाम पुसला. ओळ तीच. गाणं चालू असताना नाच सोडणं मामाला शोभत नाही, म्हणून तो बिचारा एका पायावर नाचत राहिला. पुढे तो आणि मागे टेम्पो, त्यामुळे परण्याही जागच्या जागी.

बापूशेठ टिकलीवर अंगठा दाबत होते, मग मूठ, मग दोन्ही तळहात. दांडा खाली जाईना. त्याच्याखाली तांदूळ गेले होते.

"एस्केप दाबा!" मी ओरडलो. माझा आवाज मलाही ऐकू आला नाही.

मुहूर्त जवळ आला तसे नवरीचे वडील मांडवातून धावत आले. "बापू, नवरदेव आणायचाय! घासलेली रेकॉर्ड ऐकायची न्हाई!"

"मास्तर! बंद करा हिला!"

मास्तर टेम्पोवर चढले आणि त्यांनी एस्केप दाबलं. मामा जिथे होता तिथेच खाली बसला.

"आता दुसरं लावा," बापूशेठ म्हणाले.

"दुसऱ्यालाबी ह्योच दांडा लागतो."

"मग क्लॅरनेट वाजवा!"

"ते तुमच्या दुकानात टांगलंय. गिऱ्हाईक आलं का बघून येऊ?"

शेवटी नवरदेव नुसत्या ताशावर मांडवात गेला, आणि चांगला भराभर गेला. त्या गावात पुढे बरीच वर्षं बापूशेठना 'तीच वळ' म्हणत.

दुसऱ्या दिवशी बापूशेठनी क्लॅरनेट खुंटीवरून स्वतः काढलं आणि मास्तरच्या घरी नेऊन दिलं. मास्तरनी कॉम्प्युटरही मागून घेतला. "दोघं येगळे ऱ्हायले की भांडत्यात," म्हणाले. मग बँड सुटेपर्यंत त्यांनी पावसाळ्यात कॉम्प्युटरवर चाली बांधल्या आणि उन्हाळ्यात त्या क्लॅरनेटवर वाजवल्या. त्यांच्या थोरलीच्या लग्नातल्या परण्यालाही क्लॅरनेटच होतं. मामा हवा तेवढा नाचला.

विलास ही गोष्ट आयुष्यभर सांगायचा. त्याच्या गोष्टीत ते स्वस्त सॉफ्टवेअर त्याने निवडलेलं असे, आणि अक्षता मी टाकलेल्या. मी कधी खोडून काढलं नाही. यंदाच्या आषाढात तो गेला. आता खरं काय ते सांगताना मला अडवणारं कोणी नाही, म्हणूनच बहुधा हे लिहायला इतका वेळ लागतो आहे.

नवशिक्यासाठी सॉफ्टवेअर निवडताना लोक अजून मला विचारतात, आवाज किती आहेत? मी सांगतो, आधी समोर कोण बसणार ते ठरवा. आणि पूजेच्या वेळी कीबोर्ड झाका.

त्या लग्नानंतर दर खंडेनवमीला विलास क्लासातल्या सगळ्या कीबोर्डांवर हातरुमाल अंथरायचा, मग माझ्याकडे बघून म्हणायचा, "आता टाक." या वर्षी रुमाल मीच अंथरले. अक्षता हातात घेऊन जरा वेळ थांबलो. मग टाकल्या.