फ्रान्सिसची काच

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. कुणालाच — आणि माझ्यासारख्याच्या तोंडी या शब्दाचं वजन काय, ते आधी सांगायला हवं. मी कॅथलिक धर्मगुरू आहे. लोक माझ्याकडे येतात, जाळीपलीकडे गुडघे टेकतात आणि मनातलं काढून ठेवतात. आमच्याकडे त्याला कुमसार म्हणतात. तिथं ऐकलेलं ओठांबाहेर काढायचं नाही, जीव गेला तरी नाही. तो नियम मी पाळला आहे, इथंही पाळणार आहे. दुसऱ्या कुणाचं अक्षरही सांगणार नाही. सांगायचं आहे ते माझंच.

पण धर्मगुरूचं कुमसार कोण ऐकतो? दुसरा धर्मगुरू. आणि आर्णीच्या रस्त्यावरच्या आमच्या त्या लहानशा मिशनमध्ये आम्ही दोघंच होतो — मी आणि फादर बावतीस. शनिवारी दुपारी चर्चमध्ये ते माझ्यासमोर गुडघे टेकत. मग उठून, गुडघे झटकत, खुर्चीत बसत आणि मी खाली टेकत असे. त्यानंतर दोघं मिळून चहा. आता तुम्हीच सांगा — ज्याच्याशी एका ताटात भाकरी मोडायची, ज्याच्या घोरण्यावरून झोप कशी लागली ते ओळखायचं, त्याला सगळं सांगता येतं? त्यांना येत असावं. मला आलं नाही.

छप्पन साली, आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला त्या वेळी, मी तिथं आलो. तिशीचा होतो. धर्मगुरू व्हायला सेमिनरीत जाण्याआधी बी.एस्सी. केलेलं, आणि त्याची थोडी घमेंडही होती. सोबत एक पितळी सूक्ष्मदर्शक होता. कॉलेजातल्या मित्रानं दिलेला. मिशनच्या दवाखान्यात एक वृद्ध डॉक्टर आठवड्यातून एकदा यवतमाळहून येत. त्यांची नजर अधू झाली होती. त्यामुळे काच बघायचं काम माझ्याकडे आलं. काच म्हणजे — क्षयाचा संशय असला की माणसाचा बेडका काचेच्या पट्टीवर पसरायचा, लाल रंग घालून खालून आच द्यायची, धुवायचं, मग वरून निळा रंग द्यायचा. क्षयाचे जंतू असले तर निळ्यात बारीक लाल काड्या दिसतात. नसले तर सगळं निळंच. एवढं सोपं. वीज नव्हती, खिडकीशी बसून आरशानं सूर्य आत घ्यायचा.

तो लाल रंग बोटांवरून जात नसे. त्याच बोटांनी सकाळी मी मिस्सेत, म्हणजे वेदीवरच्या उपासनेत, पवित्र भाकर उचलायचो. फादर बावतीस डोळे बारीक करून म्हणायचे, "होळी खेळून वेदीवर आलास काय रे?" वसईचा माणूस, पण पंचवीस वर्षं इकडे काढल्यामुळे वऱ्हाडी त्यांच्या जिभेवर चढली होती. विज्ञानाची त्यांना भीती नव्हती, उलट कौतुक होतं. "जंतू काही सैतानानं केले नाहीत," म्हणायचे. "पाहा नीट. खोटं पाहू नको म्हणजे झालं. ती पण प्रार्थनाच आहे."

खोटं पाहू नको. हे वाक्य ते सहज बोलले होते.

आणि ब्रह्मचर्याचं? त्याचीही ते थट्टा करत. तांड्यावरची एक बंजारा म्हातारी औषधाला यायची. एकदा भर दवाखान्यात तिनं विचारलं, "काहून जी फादर, तुमचं लगन काहून नाही झालं? पोरगी नाही भेटली का?"

"भेटली होती माय," फादर म्हणाले. "तिलेच मी पसंत नोतो."

म्हातारी हसून हसून खोकली. मग माझ्याकडे वळली. "अन् ह्याले?"

मी पुस्तकातलं उत्तर दिलं. एका माणसावर प्रेम केलं की बाकीच्यांवर कमी पडतं, म्हणून — वगैरे. म्हातारीनं मान हलवली. "याले मुलं झाली असती तं पाढेच म्हणून घेतले असते यानं," ती म्हणाली. सगळे हसले. ऍग्नेसबाईही हसल्या.

आता ऍग्नेसबाईंबद्दल. मी हे टाळत होतो, कळलं असेल तुम्हाला.

आमच्या शाळेत त्या दुसरीला शिकवत. संगमनेरकडच्या. वय सत्तावीस-अठ्ठावीस. दिसायला — खरं सांगू? आज चेहरा नीट आठवत नाही. आठवतं ते एवढंच. पोरांना कांद्याची साल दाखवायला त्यांना घेऊन त्या माझ्या खिडकीशी आल्या. सूक्ष्मदर्शकात बघताना सगळे एक डोळा मिटतात. मिटायचा नसतो, दोन्ही उघडे ठेवून बघायला शिकावं लागतं, मला महिना लागला होता. बाईंनी वाकून पाहिलं, दोन्ही डोळे उघडे ठेवून, कुणी न सांगता. मग म्हणाल्या, "फादर, ही तर भिंत बांधल्यासारखी दिसते. कांद्याला कुणापासून लपायचंय?"

त्यानंतर मधल्या सुट्टीत त्या खिडकीबाहेरून विचारत जायच्या — जंतूंना आत्मा असतो का, आदामाच्या पोटात जंत होते का, प्रलयातल्या नोहाच्या तारवात क्षयाचे जंतू कुणाच्या छातीत बसून गेले. मी त्यावर रात्री विचार करत बसे. एवढंच. हात धरला नाही, शब्द बोललो नाही. कुमसाराला त्या नेहमी फादर बावतीसांच्या बाजूला जात, माझ्या बाजूला कधीच आल्या नाहीत. का, ते मी विचारलं नाही.

शनिवारी मी फादरांपुढे गुडघे टेकायचो. राग आला, आळस केला, प्रार्थनेत मन भटकलं. भटकून कुठं गेलं, ते नाही सांगितलं. ते विचारायचे, "आणखी काही?"

"नाही, फादर."

आणि मग फ्रान्सिस आला.

फ्रान्सिस यवतमाळच्या एका जिनात, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, फिटर होता. अंगानं आडवा, गळ्यानं गोड. ख्रिसमसला आमच्याकडे गायला आला, बाईंनी त्याला ताल चुकल्याबद्दल सगळ्यांसमोर सुनावलं, आणि तो दर रविवारी ताल सुधारायला येऊ लागला. पावसाळ्याच्या तोंडाशी दोघांनी फादर बावतीसांना सांगितलं. लग्न ठरलं. बाई यवतमाळला जाणार होत्या.

आमच्यात लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये नावं वाचतात. मिस्सा तेव्हा लॅटिनमध्ये असे, पण हे मराठीत वाचायचं, सगळ्यांना कळावं म्हणून: अमक्याचं अमकीशी लग्न ठरलं आहे, यात कुणाला काही अडथळा ठाऊक असेल तर त्यानं धर्मगुरूला कळवणं हे त्याचं कर्तव्य आहे. पहिल्या रविवारी फादरांचा घसा बसला होता. मीच वाचलं. अडथळा या शब्दाशी माझा आवाज — नाही, अडकला नाही. स्वच्छ वाचलं. तेच तर.

सोमवारी सकाळी फ्रान्सिस माझ्या दारात. रविवारी परत गेलाच नव्हता.

"फादर, तुमी काल वाचलं ना, अडथळा असन तं सांगा म्हणून? मले झोप नाही लागली जी."

"का?"

"मले खोकला आहे. दोन साल झाले. सरकी अन् रुईचा फुफाटा, जिनात समद्यायलेच राह्यते. पण आतून काही असन तं? बाईले फसवाचं नाही मले. पाहून घ्या एक डाव. तुमी म्हनान थे खरं."

अडथळा म्हणजे आधीचं लग्न, रक्ताचं नातं, असलं काही, खोकला नव्हे. चर्चमध्ये रविवारी बसलेल्या सगळ्यांपैकी त्या वाक्याला जिवापाड घाबरलेला हा एकच. आणि ज्यानं खरोखर पुढं यायला हवं होतं, तो ते वाचत उभा होता.

मी काच केली. लाल, आच, धुणं, निळा. खिडकीशी बसलो. दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. काच सरकवत, कोपरा न् कोपरा.

आता सांगतो. पुन्हा थांबलो तर राहून जाईल.

काचेवर काही नव्हतं. मी बाहेर आलो, आणि झाडाखाली टोपी हातात धरून बसलेल्या त्या माणसाला म्हणालो, "शंका आहे, फ्रान्सिस. थोड्या काड्या दिसतायत."

का म्हणालो? बाई मला हव्या होत्या म्हणून? मी काय करणार होतो त्यांचं! त्या जाऊ नयेत, एवढंच हवं होतं. मधल्या सुट्टीत खिडकीबाहेर कुणीतरी नोहाबद्दल विचारावं, एवढंच. इतक्याशासाठी कुणी असं करतं? मी केलं.

वाटलं होतं, महिनाभर लग्न लांबेल, मग दुसरी काच, मग 'साफ आहे' म्हणू. पण खोटं बोलणाऱ्याचा हिशेब नेहमी दुसरा माणूसही आपल्यासारखाच असेल असं धरून चाललेला असतो. फ्रान्सिस तसाच उठला आणि बाईंकडे गेला. शाळेच्या ओट्याखाली, हाताच्या अंतरावर उभा राहून त्यानं त्यांना मोकळं केलं. "माह्यासाठी थांबू नका," म्हणाला. बाई थांबायला तयार होत्या. भांडल्या त्याच्याशी, सगळ्या शाळेला ऐकू गेलं. तो ऐकेना. मग जिनात जाऊन मालकालाही त्यानं आपणहून सांगितलं, आणि मालकानं त्याला कामावरून काढलं. दुसरा रविवार आला. नावं वाचली गेली नाहीत.

डॉक्टरांनी माझ्या शब्दावर इंजेक्शनं सुरू केली. माझ्या शब्दावर. झगा घातलेला आणि वर विज्ञान शिकलेला — माझ्यावर कोण अविश्वास दाखवणार? मी तेव्हाही बोलू शकलो असतो. रोज बोलू शकलो असतो. सुई मीच टोचत होतो.

काही महिन्यांनी मी 'साफ' म्हणालो. फ्रान्सिस माझ्या पाया पडला. त्याच्या कानांत तोवर शिट्ट्या वाजू लागल्या होत्या. ते औषध काहींच्या कानांवर जातं. दोन वर्षांत डावा गेला, उजवा बराचसा गेला. गाणं सुटलं. "जीव वाचला, कान गेले. सौदा चांगला हाय जी," म्हणाला तो. आणि हे लोकांना सांगत फिरला: फादरनं प्रार्थना केली अन् छातीतले जंतू गेले. माझ्याकडे आजारी लोक डोक्यावर हात ठेवून घ्यायला येऊ लागले. मी ठेवायचो.

बाई तोवर गेल्या होत्या. आधीच, दिवाळीच्या सुट्टीत, संगमनेरला, आणि परत आल्याच नाहीत. म्हणजे ज्यासाठी केलं, तेही झालं नाही. त्यांनी लग्न केलं नाही असं ऐकतो. फ्रान्सिसनंही नाही. त्याचं यवतमाळच्या बाजारात सायकलींचं दुकान आहे, आणि अजून कुठंही पाणी प्यायचं तर पिशवीतून स्वतःचा पेला काढतो. "लोकायचा जीव आहे," म्हणतो.

फादर बावतीस मागल्या साली गेले. शेवटचे काही दिवस खाटेवरच होते. त्यांचं कुमसार मी ऐकलं. त्यातलं काही सांगणार नाही. मरणाऱ्याला लावतात ते पवित्र तेल लावून झालं, प्रार्थना झाली, सगळं संपलं. मग त्यांनी माझी बोटं हातात घेतली. काचा अजून मीच बघायचो, त्यांचा लाल रंग नखाच्या कडेला होता, तो अंगठ्यानं पुसू लागले, लेकराचं तोंड पुसावं तसे. आणि म्हणाले, "माझं झालं. तुझं काही राहिलंय का रे? आता तर मी कुणाला सांगायलाही उरत नाही."

इतक्या मायेनं मला कुणी कधी काही विचारलं नव्हतं.

मी म्हणालो, "नाही, फादर."

त्यांनी मान हलवली. बोटं मात्र सोडली नाहीत. आपल्याला ठाऊक आहे, असं ते म्हणाले नाहीत. आणि ठाऊक होतं की नाही, मला आजही माहीत नाही.

फ्रान्सिसला मी अजून सांगितलेलं नाही. त्याच्याआधी तुम्हाला सांगतोय, हाही भित्रेपणाच. आयुष्यभर मी पापं कुजबुजीत ऐकली आणि माझी अर्धी कुजबुजीत सांगितली. फ्रान्सिसला कुजबुज ऐकू येत नाही. त्याला सांगायचं तर त्याच्या दुकानासमोर, बाजारात, उजव्या कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागेल. शेजारचा पानवाला ऐकेल, बैलगाड्या थांबतील, ज्यांच्या डोक्यावर मी हात ठेवले तेही ऐकतील.

उद्या पहिल्या बसनं निघतो आहे. काय ओरडायचं ते लांब नाही.

फ्रान्सिस, काच निळी होती. पहिल्याच दिवशी निळी होती.